जड वजनाचा मल्ल ऐन भरात किती वर्षे राहतो?

औरंगाबादहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर चौदाव्या किलोमीटरच्या दगडालगत चितेगाव आहे. व्हिडिओकॉन कंपनीच्या कारखान्याचा पत्ता हाच. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. परंतु त्याआधी या नावाच्या रंगीत दूरचित्रवाणी संचांनी मराठी घरांत जग आणून ठेवले होते. त्या जगात क्रिकेट होते, टेनिस होते आणि मुष्टियुद्धही होते. जून १९९७ मध्ये माइक टायसनने इव्हँडर होलिफील्डच्या कानाचा चावा घेतला, तेव्हा ज्यांनी आयुष्यात कधी मुष्टियुद्धाचा सामना पाहिला नव्हता त्यांनाही तो प्रसंग ठाऊक झाला. ज्याला जगातला सर्वांत भयंकर माणूस म्हणत, तो टायसन त्या वेळी अवघा ३० वर्षांचा होता; आणि त्याचा खरा बहर ओसरून सात वर्षे झाली होती.

चितेगावापासून काही कोसांवर, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, या प्रश्नाची मराठी बाजू सुरू होते. १९६१ मध्ये याच शहरात पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि दिनकर दह्यारी यांनी तो किताब जिंकला. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या राज्य कुस्तीगीर परिषदेची ही स्पर्धा. तिची यादी समोर ठेवली की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. साठहून अधिक वर्षांत सलग तीनदा गदा खांद्यावर घेणारे मल्ल दोनच झाले : नरसिंग यादव (२०११, २०१२, २०१३) आणि विजय चौधरी (२०१४, २०१५, २०१६). चौथी गदा आजवर कोणालाही मिळालेली नाही.

मुष्टियुद्धाच्या जड वजनी गटात जो लुईने जवळजवळ बारा वर्षे अजिंक्यपद राखले. व्लादिमिर क्लिचकोने साडेनऊ वर्षे राखले. मग मराठी मातीतला जड मल्ल तीन वर्षांपलीकडे का जात नाही? त्याचे शरीर लवकर थकते, की मोजण्याची पट्टीच निराळी आहे?

राज्य आणि बहर

प्रथम मुष्टियुद्धाचा हिशेब पाहू. तेथे अजिंक्यपद हे सिंहासनासारखे असते. जिंकणारा त्यावर बसतो आणि दुसरा कोणी उठवीपर्यंत बसून राहतो. कधी, कोठे आणि कोणाशी लढायचे हे ठरविण्यात त्याचा व त्याच्या व्यवस्थापकाचा मोठा वाटा असतो. त्यामुळे किताब हाती असण्याचा काळ आणि शरीर खरोखर ऐन भरात असण्याचा काळ यांत बरेच अंतर पडते.

जो लुई जून १९३७ मध्ये जगज्जेता झाला आणि मार्च १९४९ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. या अवधीत त्याने २५ वेळा किताब राखला. तो विक्रम आजही अबाधित आहे. मात्र या बारा वर्षांतली चार वर्षे दुसऱ्या महायुद्धात लष्करी सेवेत गेली. युद्धानंतरचा लुई पूर्वीचा नव्हता. डिसेंबर १९४७ मध्ये जर्सी जो वॉलकॉटने त्याला दोनदा खाली पाडले. पंचांनी कौल लुईच्या बाजूने दिला, पण प्रेक्षागृहातल्या अनेकांना तो पटला नाही. लुईचा खरा बहर शोधायचा तर तो १९३७ ते १९४१ एवढाच सापडतो. म्हणजे साडेचार-पाच वर्षे.

महंमद अलीची गोष्ट अधिक बोलकी आहे, कारण त्याच्या आयुष्यात बहर दोन तुकड्यांत विभागलेला दिसतो. फेब्रुवारी १९६४ मध्ये बाविसाव्या वर्षी त्याने सॉनी लिस्टनला हरवले. पुढची तीन वर्षे त्याच्या पायांची जी चपळाई दिसली, तशी जड वजनात त्याआधी कोणी पाहिली नव्हती. १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जाण्यास नकार दिल्यामुळे त्याचा किताब काढून घेण्यात आला. १९७० मध्ये तो परतला तेव्हा वय २८ होते. हात तेच होते, पाय ते नव्हते. १९७४ मध्ये किन्शासा येथे जॉर्ज फोरमनला त्याने हरवले ते दोरांना टेकून, मार अंगावर घेऊन आणि डोके वापरून. तरुणपणीच्या अलीला तो मार खावाच लागला नसता. पुढच्याच वर्षी मनिलात जो फ्रेझरशी जी चौदा फेऱ्यांची झुंज झाली, तीत दोघांचेही उरलेसुरले संपले, असे म्हणावे लागते. त्यानंतरची सहा वर्षे अली नावावर लढला. सप्टेंबर १९७७ मधील अर्नी शेव्हर्सविरुद्धच्या सामन्यानंतर त्याचे डॉक्टर फर्डी पाशेको यांनी मूत्रपिंडाच्या तपासणीचा अहवाल दाखवून थांबण्याचा सल्ला दिला. तो मानला गेला नाही, तेव्हा त्यांनी साथ सोडली. ऑक्टोबर १९८० मध्ये लॅरी होम्सने अलीला दहा फेऱ्या एकतर्फी झोडपले. होम्स पूर्वी अलीचाच सराव-भिडू होता, आणि सामन्यानंतर तो रडला. १९८४ मध्ये अलीला पार्किन्सनसदृश विकार झाल्याचे निदान झाले.

टायसनचा बहर तर आणखी आखूड. नोव्हेंबर १९८६ मध्ये, वीस वर्षे चार महिने वयात, तो जड वजनाचा आजवरचा सर्वांत तरुण विजेता ठरला. जून १९८८ मध्ये मायकेल स्पिंक्सला त्याने ९१ सेकंदांत झोपविले. तोच त्याचा कळस. फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लससारख्या फारशा नावाजलेल्या नसलेल्या प्रतिस्पर्ध्याने त्याला बाद केले. राज्य सव्वातीन वर्षांचे, बहर जेमतेम दोन-अडीच वर्षांचा.

रॉकी मार्सियानोने मात्र सप्टेंबर १९५२ मध्ये जिंकलेला किताब १९५६ च्या एप्रिलमध्ये स्वतःहून सोडला. ४९ सामने, ४९ विजय, वय ३२. बहर संपण्याआधी उठून गेलेला जड वजनी जगज्जेता म्हणून त्याचेच नाव प्रथम घेतले जाते. त्या यादीत दुसरे नाव शोधायला वेळ लागतो.

आधी पाय जातात

असे का होते, याचे उत्तर शरीराच्या रचनेत आहे. मनुष्याची निव्वळ ताकद पंचविशीच्या आसपास कळसाला पोचते आणि व्यायाम चालू असेल तर पस्तिशीपर्यंत फारशी ढळत नाही. चपळाईचे तसे नाही. स्नायूंतले झटपट आकुंचन पावणारे तंतू, डोळ्याने पाहिले आणि हाताने प्रतिसाद दिला यांमधला क्षणांश, आणि शरीराचा सारा भार एका पायावरून दुसऱ्यावर टाकण्याची सहजता, ही त्याच्या बरीच आधी कमी होऊ लागते. म्हणून मुष्टियोद्ध्यांत आणि पैलवानांत दोन्हीकडे सांगतात की आधी पाय जातात, मग दम जातो आणि ठोसा किंवा पकड सर्वांत शेवटी जाते.

यावरून एक गोष्ट उलगडते. ज्याचा खेळ वेगावर उभा आहे त्याचा बहर लहान असतो; ज्याचा खेळ ताकदीवर, उंचीवर किंवा डोक्यावर उभा आहे त्याचा लांबतो. टायसन पहिल्या प्रकारचा. फोरमन दुसऱ्या प्रकारचा. १९७७ मध्ये निवृत्त होऊन धर्मोपदेशक झालेला फोरमन दहा वर्षांनी परतला आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, मायकेल मूररला एका ठोशात बाद करून पुन्हा जगज्जेता झाला. त्या सामन्यात तो बहुतेक फेऱ्या मागेच होता. पाय हलत नव्हते, पण ठोसा शिल्लक होता. क्लिचकोने लांब डाव्या हाताने प्रतिस्पर्ध्याला अंतरावर ठेवून २००६ ते २०१५ राज्य केले. पाहणाऱ्याला ते कंटाळवाणे वाटे, पण शरीर टिकवण्याची ती उत्तम रीत होती. युक्रेनचा ओलेक्झांडर उसिक हा त्याच्याही पुढचा नमुना. २०२४ मध्ये ३७ व्या वर्षी त्याने टायसन फ्युरीला दोनदा हरवले आणि जुलै २०२५ मध्ये ३८ व्या वर्षी डॅनियल द्युबुआला बाद केले. तो मुळात खालच्या वजनी गटातून आलेला, त्यामुळे जड वजनातली वर्षे त्याने उशिरा खर्चायला घेतली.

जड वजनाला आणखी एक सवलत असते. मुष्टियुद्धात या गटाला वरची मर्यादा नाही. खालच्या गटांतले खेळाडू वजन उतरविण्यासाठी उपाशी राहून, घाम गाळून दरवेळी शरीर पिळून काढतात. जड गड्याला ते करावे लागत नाही. मात्र त्याची किंमतही त्याच हिशेबात चुकती होते, कारण त्याला बसणारा ठोसाही जड माणसाचा असतो. डोक्याला बसलेले ठोसे शरीर विसरत नाही.

मातीतला हिशेब

कुस्तीत ठोसे नाहीत. मग येथे बहर लांबायला हवा. जगात तो लांबलेला दिसतोही. रशियाचा अलेक्झांडर कारेलिन १९८८, १९९२ आणि १९९६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके घेऊन तेरा वर्षे अपराजित राहिला आणि २००० मध्ये सिडनीला अंतिम लढतीत रुलॉन गार्डनरकडून हरला. क्यूबाच्या मिहाइन लोपेझने तर २००८ ते २०२४ अशा पाच ऑलिंपिकमध्ये सर्वांत जड गटाचे सुवर्ण जिंकले. एकाच वैयक्तिक प्रकारात सलग पाच सुवर्णे मिळविणारा तो ऑलिंपिक इतिहासातला पहिला खेळाडू. पॅरिसमधल्या शेवटच्या लढतीच्या वेळी त्याच्या बेचाळिसाव्या वाढदिवसाला दोन आठवडे उरले होते. ग्रीको-रोमन कुस्तीत पायांना हात लावता येत नाही, त्यामुळे गुडघे वाचतात, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण, लोपेझ फार थोड्या लढती लढे. टोकियो ते पॅरिस या तीन वर्षांत तो जवळजवळ मॅटबाहेरच होता. तिसरे, त्याच्या जेवणाची, उपचाराची आणि उद्याची काळजी सरकारने घेतली होती.

ही तीन कारणे लक्षात ठेवून महाराष्ट्र केसरीच्या यादीकडे पुन्हा पाहावे. गणपत खेडकर (१९६४, १९६५), चंबा मुतनाळ (१९६७, १९६८), दादू चौगुले (१९७०, १९७१) आणि लक्ष्मण वडार (१९७२, १९७३) या चौघांनी सुरुवातीच्या काळात दोनदा गदा जिंकली. त्यानंतर तब्बल पस्तीस वर्षे एकाही मल्लाला दुसऱ्यांदा केसरी होता आले नाही. २००७ आणि २००८ मध्ये सांगली जिल्ह्यातील चंद्रहार पाटील यांनी ही कोंडी फोडली. युवराज पाटील, हिरामण बनकर, इस्माईल शेख, विष्णू जोशीलकर, आप्पालाल शेख अशी एकाहून एक मोठी नावे या पस्तीस वर्षांत आहेत. आणि प्रत्येकाच्या पुढे एकच साल आहे.

याचा अर्थ हे सारे मल्ल एका वर्षात संपले असा कोणी काढील तर ते चूक ठरेल. महाराष्ट्र केसरी हा मुष्टियुद्धासारखा राखायचा किताब नाही. तो दरवर्षी नव्याने जिंकायचा असतो, आणि एकदा जिंकला की आयुष्यभर नावापुढे राहतो. केसरी झालेल्या पैलवानाला कोणी ‘माजी’ म्हणत नाही. सत्तरीतही हलगीच्या कडकडाटात त्याचा पुकारा ‘महाराष्ट्र केसरी’ असाच होतो. जे नाव मिळाले ते पुन्हा पणाला लावून मिळवायचे काय? पराभव झाला तर मात्र लोक तो विसरत नाहीत. म्हणून केसरी झालेला मल्ल बहुधा हिंद केसरीकडे किंवा मोठ्या इनामाच्या मैदानांकडे वळे. मुष्टियोद्ध्याचा उतार सर्वांसमक्ष होतो. आपल्या मल्लाचा उतार जत्रांच्या फडात, कोणाच्या नोंदीत न येता होतो.

नोंदीत नसलेला हा काळच खरा मोजायला हवा. एखाद्या मल्लाची पहिली मोठी कुस्ती आणि शेवटची मोठी कुस्ती यांतले अंतर पाहिले तर चित्र बदलते. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये लातूरलाच केसरी झाले, तेव्हा ते विशीच्या उंबरठ्यावर होते. १९७७ मध्ये बेळगावच्या मैदानात त्यांनी सतपालला चीत केले. तोवर सतपाल हे नाव महाराष्ट्रातल्या मैदानांत धाक बसवून होते, आणि पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळविले. म्हणजे बिराजदारांचा बहर किमान आठ वर्षांचा. दादू चौगुले यांनी १९७० मध्ये पहिली गदा घेतली, १९७३ मध्ये ते रुस्तुम-ए-हिंद झाले आणि १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक जिंकले. त्यांच्या आधीच्या पिढीतील गणपतराव आंदळकर १९६० मध्ये हिंद केसरी झाले, १९६२ मध्ये जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण व फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळविले आणि १९६४ मध्ये ते टोकियो ऑलिंपिकला गेले. मारुती माने यांनी त्याच जाकार्तात फ्रीस्टाइलचे सुवर्ण घेतले आणि १९६४ मध्ये हिंद केसरीचा मान मिळविला. या सर्वांचा सर्वोच्च काळ चार-पाच वर्षांपासून आठ वर्षांपर्यंत भरतो. लुई आणि अली यांच्या खऱ्या बहराशी तो ताडून पाहिला तर मराठी मल्ल कोठेही कमी पडत नाही.

शरीराचा हिशेब असा दोन्हीकडे जुळतो. जुळत नाही तो लोपेझच्या सोळा वर्षांशी.

खुराक, जत्रा आणि वस्ताद

जड वजनाचा मल्ल उभा करणे हे खर्चाचे काम आहे. पहाटे शेकडो जोर-बैठका, सपाट्या, हौद्यातली माती खणणे, मग जोड धरून लढती. संध्याकाळी पुन्हा तेच. हे पेलायचे तर दूध, तूप, बदामाची थंडाई, अंडी, मटण यांचा खुराक रोज हवा. संस्थानी काळात हा भार दरबाराने उचलला. शाहू महाराजांनी कोल्हापुरात तालमींना आश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबागेचे मैदान खुले केले. पंजाबचा गामा हा अशाच आश्रयाचे अपत्य होता. सप्टेंबर १९१० मध्ये लंडनला पोलंडच्या झ्बिस्कोशी त्याची अडीच तासांहून अधिक चाललेली कुस्ती बरोबरीत सुटली. आणि १९२८ च्या जानेवारीत पतियाळात त्याच झ्बिस्कोला गामाने मिनिटभराच्या आत चीत केले. दोघेही तेव्हा पन्नाशीला टेकले होते. गामाचा हा दीर्घ बहर वादातीत नाही, कारण उत्तरकाळात त्याच्यासमोर उभे राहणारे थोडे होते. तरीही एक गोष्ट खरी की पटावर उद्याच्या खुराकाची चिंता नव्हती.

संस्थाने विलीन झाली आणि तो आश्रय गेला. काही प्रमाणात साखर कारखान्यांनी मानधनावर मल्ल सांभाळून ती जागा भरली. उरलेल्यांसाठी राहिल्या त्या जत्रा-यात्रांतल्या कुस्त्या. मराठवाड्यात आणि नगरकडे ज्याला हगामा म्हणतात त्या मैदानात नारळापासून सुरू झालेल्या कुस्त्या संध्याकाळी मोठ्या इनामाच्या जोडीपर्यंत पोचतात. हंगाम ठरलेला असतो, मैदाने एकामागून एक असतात. नाव झालेल्या मल्लाला या काळात बोलावणी येतात, आणि घरची शेती बेताची असेल तर तो सहसा नाही म्हणत नाही. दुखरा गुडघा पट्टीने आवळून तो पुढच्या गावी उतरतो. लोपेझ ज्या काळात वर्षाकाठी मोजक्या लढती लढत होता, त्या वयात आपला मल्ल आपले शरीर हंगामी मजुरासारखे वापरत असतो. येथील बहर आखूड होण्याचे मोठे कारण हे आहे. वय हे नंतरचे.

त्यात खेळही बदलला. मातीवरची निकाली कुस्ती लांबली तरी चालत असे. दमसास आणि धीर असलेला तिशीचा मल्ल तरण्या पोराला थकवून मग डाव टाकी. गादीवर तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि गुणांवर निकाल लागतो. केसरीच्या स्पर्धेत माती विभागाचा आणि गादी विभागाचा विजेता अखेरीस समोरासमोर येतात, आणि ती लढत सहा मिनिटांत संपते. सहा मिनिटांत थकविण्याची युक्ती चालत नाही. पहिल्या हल्ल्याचा वेग लागतो. तो वेग, वर सांगितल्याप्रमाणे, सर्वांत आधी जातो. अलीकडच्या काळात अभिजित कटके (२०१७) किंवा पृथ्वीराज पाटील (२०२२) यांच्यासारखे विशी-एकविशीचे मल्ल केसरी झाले, त्यात नवल नाही. सलग तीन गदा मिळविणारा पहिला मल्ल नरसिंग यादव हा तर मूळचा जड वजनाचा नव्हेच. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आणि २०१५ च्या जागतिक स्पर्धेत, जेथे त्याला कांस्यपदक मिळाले, तो ७४ किलो गटात खेळला. जड मल्लांच्या आखाड्यात हलक्या गटातला वेग घेऊन तो उतरला आणि बावीस ते चोवीस या वयात त्याने तिन्ही गदा नेल्या. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर उत्तेजक प्रकरणी त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. म्हणजे सत्ताविसाव्या वर्षापासून पुढचा, कुस्तीत सर्वांत परिपक्व समजला जाणारा काळ मैदानाबाहेर गेला.

दुसरा तिहेरी केसरी विजय चौधरी याची वाट निराळी. चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळीचा हा मल्ल तिसऱ्या गदेनंतर राज्य पोलिस दलात थेट उपअधीक्षक झाला. खुराकाची आणि उद्याची चिंता मिटली, तेव्हा शरीर किती टिकते याचे उत्तर त्याने काही वर्षांनी दिले : २०२३ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे झालेल्या जागतिक पोलिस व अग्निशमन दलांच्या स्पर्धेत त्याने १२५ किलो गटाचे सुवर्णपदक जिंकले. ही स्पर्धा ऑलिंपिकच्या तोडीची नव्हे, हे उघड आहे. परंतु केसरीनंतर सात वर्षांनी मॅटवर उतरण्याइतके गुडघे शाबूत राहणे हीच त्या गटात दुर्मीळ गोष्ट आहे. सगळ्याच केसरींना अशी नोकरी मिळत नाही. जुन्या मल्लांच्या मासिक मानधनात वाढ करण्याची घोषणा जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात झाली, ती आजचा बहर लांबविण्यासाठी नव्हे, तर कालचा बहर ओसरल्यावरच्या दिवसांसाठी.

ते दिवस कठीणच असतात. मेहनत सुटते, पण भूक सुटत नाही. रोज हजारो बैठका मारणाऱ्या देहाला लागणारा आहार निवृत्तीनंतरही चालू राहिला तर वजन, मधुमेह आणि रक्तदाब एकामागून एक येतात. आणि एवढा भार ज्यांच्यावर पडायचा ते गुडघे आधीच गेलेले असतात. हे तालमींतल्या जुन्या माणसांना चांगले ठाऊक असते. म्हणून शहाणा वस्ताद पठ्ठ्याला डाव शिकवितो तशी मेहनत हळूहळू कमी करायलाही शिकवितो.

मुष्टियुद्ध आणि कुस्ती यांतला एक मोठा फरक याच वस्तादात आहे. अलीच्या डॉक्टरांना निघून जाण्यापलीकडे काही करता आले नाही, कारण सामना ठरविणारे लोक निराळे होते आणि त्यांना अलीच्या नावाचे पैसे हवे होते. जो लुईला १९५० मध्ये पुन्हा उतरावे लागले ते थकलेल्या आयकरापायी, आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांबाहेर फेकले. तालमीत मात्र वस्तादाने ‘या जोडीला माझा पठ्ठा लढणार नाही’ असे म्हटले की विषय संपतो, निदान संपायला हवा. इनामाचे आकडे वाढले, मैदाने जाहिरातदारांच्या हाती गेली, तसा या शब्दाचा वचकही कमी झाला आहे. ज्या तालमीत तो टिकून आहे, तेथील मल्ल अधिक वर्षे लढताना दिसतात.

थांबल्यावर काय करायचे, याचे उत्तरही बहुधा तालमीतच मिळते. दादू चौगुले यांचे पुत्र विनोद २००० मध्ये केसरी झाले, वडिलांच्या पहिल्या गदेनंतर तीस वर्षांनी. बिराजदार लढायचे थांबल्यावर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरे घडवू लागले; २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे हा त्यांचा पठ्ठा. त्याने २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचे सुवर्ण जिंकले. लातूरचे काका पवार हे त्यांचे दुसरे शिष्य. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीसाठी हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके समोरासमोर आले, तेव्हा दोन्ही बाजूंचा वस्ताद एकच होता, काका पवार. आणि त्यांच्या वस्तादाने लातूरला गदा घेतली त्याला पन्नास वर्षे होऊन गेली होती.